आधी पाय बघू द्या

वारीच्या वाटेवर चरणसेवेचे मांडव घालणाऱ्या सर्व मंडळांच्या, पतसंस्थांच्या, महाविद्यालयांच्या आणि कंपन्यांच्या कार्यकर्त्यांस,



मी पुण्यात मालिशचं काम करते. बाळंतिणी आणि तान्ही बाळं हे माझं रोजचं काम. शिवाय महिला दिनाला सोसायट्यांमध्ये, बचत गटांच्या मेळाव्यात, कधी एखाद्या कंपनीच्या आरोग्य शिबिरात खांदे-मान चोळून द्यायला मला बोलावतात. आणि ज्येष्ठ लागला की तुमच्यातल्या कुणाचा तरी फोन येतो, "ताई, यंदाही पालखीला आपला मांडव आहे, तुमच्या चार जणींना घेऊन या." आम्ही येतो, आणि बोलावलंत तर पुढेही येऊ. दिवसभर चालून आलेल्या माणसाचे पाय हातात घेण्याइतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही. म्हणून मांडवात बसून जे दिसतं, ते तुमच्यापर्यंत पोचवणं मला गरजेचं वाटतं.

माझी मागणी एकच आहे. मांडवाची आखणी आकड्यावरून करू नका, पायावरून करा.

आज ती आकड्यावरून होते. मांडव उभा राहायच्या आधीच फ्लेक्स छापून येतो आणि त्यावर इतक्या हजार वारकऱ्यांच्या सेवेचा संकल्प लिहिलेला असतो. मग तो आकडा गाठायचा म्हणून माइकवरून सारखी हाक चालू राहते, "चला माउली, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात तेल माखायचं, पोटरी वर-खाली चोळायची, तळव्यावर अंगठा फिरवायचा, की झालं. वारकरी उठताना "लई बरं वाटलं माउली" म्हणतो आणि आपल्याला वाटतं, काम झालं. पण तो माणूस तसाही तेच म्हणणार असतो. कुणी प्रेमाने पायाला हात लावला तर त्यात खोट काढण्याची त्याची रीत नाही. त्याच्या भलेपणावरून आपल्या कामाची परीक्षा करता येत नाही.

ते पाय कसे असतात, हे एकदा शांतपणे बघा. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या घरातली. पुणे ते सासवड हा एकच टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. पुष्कळ जण साठी ओलांडलेले, आयुष्यभर शेतात अनवाणी किंवा रबरी चपलेवर राबलेले. टाचांना इतक्या खोल भेगा की आत माती बसलेली. पावसात भिजलेले प्लास्टिकचे बूट दिवसभर पायात राहिले की तळव्याची कातडी पांढरी आणि मऊ पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कुणाच्या पोटरीवर शिरांच्या गाठी वर आलेल्या असतात. कुणाला साखर असते, आणि ते त्याला माहीत असतंच असं नाही. या पायाला सरसकट तेल लावून रगडायला सुरुवात करणं म्हणजे पुढे काय आहे ते न बघता काम करणं.

आमच्या कामात पहिला हात डोळ्यांचा असतो. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघायचे. एकच पोटरी सुजलेली आहे, हाताला दुसरीपेक्षा गरम लागते, लालसर आहे, दाबल्यावर कळवळायला होतं, असं असेल तर त्या पायाला मालिश करायची नाही. अजिबात नाही. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. अशा वारकऱ्याला हळू बसवायचं, चालू द्यायचं नाही आणि डॉक्टरकडे पोचवायचं. जवळ आरोग्य पथक नसेल तर १०८ ला फोन करायचा. इतकी साधी गोष्ट, पण ती मांडवात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली नसते. तेलाचे डबे किती लागतील याचा हिशोब मात्र महिनाभर आधी झालेला असतो.

ताजी मुरगळ असेल तर तीही चोळायची नसते. घोटा सुजून आला असेल तर पहिले दोन दिवस विश्रांती, पाय उंचावर आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ. जोरात चोळून "बसवून" देणारी माणसं गावोगाव आहेत, वारकऱ्यांची त्यांच्यावर श्रद्धाही असते, आणि मांडवात लोक आम्हालाही सांगतात, "जरा जोर लाव बाई, बसंल." नाही लावायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याला जोराने दाबलं तर काळेनिळे डाग उठतात. फोड आला असेल तर फोडायचा नाही, त्यावर तेलही नाही. भोवतालची जागा स्वच्छ करून वर कोरडी पट्टी. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात अंगठा रुतवायचा नाही, नडगीच्या हाडावर दाब द्यायचा नाही, फुगलेल्या शिरेवरून हात ओढायचा नाही. पोटरीवरचा हात घोट्याकडून वर, गुडघ्याच्या दिशेने न्यायचा, म्हणजे पायात साचलेलं रक्त वर सरकायला मदत होते. पाय टेकायला उंच काहीतरी हवं. जमिनीवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीवरच ठेवून हे नीट होत नाही. पोटरीत गोळा आला असेल तर तो चेपत बसण्याआधी गुडघा सरळ करून पायाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढायची. गोळा बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतो, आणि वारकऱ्याला रात्री राहुटीत स्वतःला करता येईल असं काही कळतं.

साखरेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी सगळ्यात जास्त काळजी तिथे आहे. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलाची जाणीव कमी होत जाते. खडा रुतला, चप्पल चावली, फोड आला, काही कळत नाही. तो आणखी दोन मुक्काम तसाच चालतो, आणि मग ती साधी जखम चिघळते. ही जाणीव आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. इंग्लंडमध्ये इप्स्विच इथल्या डॉक्टरांनी एक सोपी रीत रूढ केली आहे. माणसाला डोळे मिटायला सांगायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना एकेक करून आपल्या बोटाने अलगद स्पर्श करायचा, दाबायचं नाही. "कळेल तेव्हा सांगा" एवढंच आधी म्हणून ठेवायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी त्याला कळलं नाही तर त्या पावलाची जाणीव उणावली आहे असं धरायचं. मिनिटभराचं काम आहे. कॉलेजच्या पोरांना शिकवलं तर ती दुपारपर्यंत तरबेज होतात. ज्याला कळलं नाही त्याला सांगायचं, "माउली, रोज मुक्कामाला पोचलात की तळपाय दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. अनवाणी चालू नका." या दोन वाक्यांचा उपयोग पुढच्या सगळ्या वाटेभर होतो.

हीच गोष्ट गरम पाण्याच्या टबांची. दमलेले पाय कोमट पाण्यात बुडवले की फार सुख वाटतं, हे खरं. पण ज्या पायाला जाणीव नाही त्याला पाणी पोळतंय हे कळत नाही, आणि कातडी भाजून निघते. पाणी कार्यकर्त्याने आपल्या कोपराने बघायचं, वारकऱ्याच्या पायाने नाही. शिवाय एका टबात एकामागून एक पाय बुडत राहिले, तर पहिल्याच्या चिखल्या दहाव्याला जातात. टब ठेवायचे असतील तर प्रत्येकाला नवं पाणी आणि टब घासून घ्यायला एक माणूस लागतो. तेवढं जमणार नसेल तर तांब्याने पायावर पाणी ओता, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसून द्या. सगळ्यांना मिळून एक टॉवेल मुळीच नको. आणि आमच्या हातांसाठी साबण आणि पाणी ठेवा. तेलकट हातांवर सॅनिटायझर चोळून हात स्वच्छ होत नाहीत.

गेल्या काही वर्षांत मांडवांत यंत्रं आली आहेत. पोटऱ्या दोन्ही बाजूंनी आवळणारी एक, आणि फिरत्या काशाच्या थाळीचं दुसरं. यंत्राने माणसं भराभर पुढे सरकतात, हे मला मान्य आहे. पण यंत्राला सूज दिसत नाही, फोड दिसत नाही, शीर दिसत नाही. ज्या पोटरीला हात लावायचा नाही तीही ते तितक्याच इमानाने आवळतं. काशाच्या वाटीबद्दल मला माया आहे. माझी आजी तूप लावून वाटीने तळवे घासायची, आणि त्याने झोप छान लागते हा घराघरांतला अनुभव आहे. मात्र थाळीवर काळं आलं की "बघा, अंगातली उष्णता निघाली" असं मांडवात मोठ्याने सांगितलं जातं, ते थांबवा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घाम, तेल आणि धातू एकमेकांवर घासले की काळं येतं. पायात दुखणं असलेला माणूस "सगळं निघून गेलं" या समजुतीवर निश्चिंत होऊन पुढे चालू लागतो. आपल्या भरवशावर चालतो तो.

तेलाचंही तसंच. सकाळी पालखी निघायच्या आधी तळव्यांना तेल लावून वारकऱ्याला रस्त्यावर सोडू नका. पाय चपलेत सरकतो, मऊ पडलेली कातडी घासली जाते आणि संध्याकाळपर्यंत फोड येतो. तेल मुक्कामाच्या संध्याकाळी लावायचं. दुपारच्या विसाव्यात मालिश झाली असेल, तर नंतर तळवे आणि बोटं ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसून द्यायची. हे पुसणं मालिशचाच भाग आहे. घाईत पहिल्यांदा तेच गळतं.

आता वेळेचा हिशोब मांडते. बघणं, विचारणं, दोन्ही पायांना हात, पुसणं, सगळं धरून एका माणसाला बारा मिनिटं लागतात. म्हणजे तासाला पाच. चार तास काम केल्यावर माझ्यासारख्या सरावलेल्या बाईचे अंगठेही भरून येतात, आणि त्यापुढचा हात खरा हात राहत नाही. एका माणसाच्या हातून एका दिवसात वीस वारकरी. दहा जण बसवलेत तर दोनशे. तुमच्या फ्लेक्सवर दोनशे लिहायची तयारी ठेवा. उरलेल्यांना बसायला सावली, पाणी, पाय टेकायला बाकडं आणि पायांची तपासणी एवढं द्या. तीही सेवाच आहे, आणि कुणाकुणाला तीच जास्त उपयोगी पडेल.

बायकांबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. वारीत बायका किती असतात हे तुम्ही दरवर्षी पाहता. डोक्यावर तुळस किंवा पाण्याची घागर घेऊन त्या सगळी वाट चालतात आणि मुक्कामाला पोचल्यावर स्वयंपाकालाही लागतात. पण तुमच्या मांडवात त्या येत नाहीत, मांडवाच्या कडेला उभ्या राहतात. रस्त्याच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, कॅमेरे रोखलेले असताना नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेऊन कोण बसेल? आत बघावं तर चोळायला बहुतेक पुरुष माणसं. एखादीला हाताला धरून आणलं तर ती म्हणते, "आमचे कसले लाड करता, त्या म्हाताऱ्याचं बघा." तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. गेल्या काही वर्षांत वाटेवर बायकांसाठी फिरती शौचालयं आली, आडोशाच्या न्हाण्या आल्या, तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष आले. कुणीतरी विचार केला म्हणूनच ते आलं. मांडवाचा अर्धा भाग कापडाने बंद करायला काय लागतं? आत बायकाच बायकांचे पाय बघतील. तिथे फोनला बंदी. आत आल्यावर त्या नुसते पाय नाही दाखवत. अंगावरून जास्त जातंय, कंबर धरली आहे, गोळी घरी राहिली, हे सगळं सांगतात. शेजारी एखादी परिचारिका किंवा आशाताई बसली तर फार बरं होईल.

फोटोंचं म्हणाल तर बंदी फक्त आतल्या भागात नको, सगळ्याच मांडवात हवी. वारकरी संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. म्हातारा वारकरी आपण पायाला हात लावला की आधी पाय आखडून घेतो, "नको माउली" म्हणतो, आणि शेवटी उठताना वाकून आपल्याच पायांना हात लावतो. त्याला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण त्या क्षणी पाहुणे येतात, त्याला परत बसवलं जातं, पाहुण्यांच्या हातात तेलाची वाटी देतात, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा पाय पुढे करायला सांगतात. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. मी बघते, कारण मी खाली बसलेली असते.

मांडव कुठे घालायचा याचाही विचार व्हावा. पुण्यात भवानी पेठ, नाना पेठ आणि आसपास मांडवांची इतकी दाटी असते की एकाच माणसाचे पाय एका दिवसात तिघेजण चोळतात. पुण्यात मंडळं आहेत, कंपन्या आहेत, वर्तमानपत्रं आहेत, म्हणून असं होत असावं. पण आळंदीहून किंवा देहूहून निघालेल्याची ती सुरुवात असते. पाय खरे बोलू लागतात ते पुढे, लोणंद, तरडगाव, फलटण ओलांडल्यावर, नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या बाजूला. तुकोबांच्या वाटेवर इंदापूर, अकलूजच्या पुढे. तिथे हात कमी पडतात. सरकारच्या आरोग्य खात्याने २०२३ पासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या उपक्रमात वाटेवर दवाखान्यांची सोय वाढवली आहे. त्यांच्या तंबूशेजारी तुमचा मांडव असेल तर शंका आलेला पाय पाच पावलांवर डॉक्टरला दाखवता येईल. पुण्यातल्या पाच मंडळांनी मिळून पुढच्या दोन मुक्कामांवर एकेक मांडव घातला, तर ते दोन मांडव पाच वेगळ्या मांडवांपेक्षा जास्त कामाचे.

शेवटी आमच्या मजुरीचं. मांडववाल्याला पैसे मिळतात, माइकवाल्याला मिळतात, फ्लेक्स छापणाऱ्याला आणि आचाऱ्यालाही मिळतात. हातांनी काम करणाऱ्या बायकांना मात्र नारळ, शाल आणि प्रमाणपत्र. बोलावणाऱ्याला वाटतं, ही तर सेवा आहे, हिचे पैसे कसे विचारायचे? पण त्या दिवशी आमच्या ठरलेल्या घरी खाडा पडतो आणि त्याची मजुरी बुडते. आमच्यातल्या काही जणींचं घर त्याच मजुरीवर चालतं. नाभिक समाजाचे बांधव पालखी आली की वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करून देतात, मालिशही करतात. तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे आणि मी त्यांच्यापुढे हात जोडते. दुसऱ्याच्या वतीने तिची सेवा जाहीर करणं निराळं. ज्या संत सेना महाराजांना वारकरी मानतात, ते हजामत आणि मालिश करूनच पोट भरत होते. त्यांच्या कथेत ते भजनात रमलेले असताना विठ्ठल त्यांचं रूप घेऊन राजाच्या अंगाला तेल लावायला जातो. देवाने त्यांची चाकरी बुडू दिली नाही. तुम्हीही आमची बुडू देऊ नका. जिला फुकट करायचं आहे ती स्वतः सांगेल. बाकीच्यांना दिवसाचा रोज द्या आणि तो आधी ठरवा.

चैत्र-वैशाखात तुमची नियोजनाची बैठक होते. त्या बैठकीला आमच्यातल्या दोघींना आणि एखाद्या फिजिओथेरपीच्या शिक्षकांना बोलवा. स्वयंसेवकांची अर्ध्या दिवसाची शिकवणी आम्ही घेऊ. पाय कसा बघायचा, काय विचारायचं, कुठे हात लावायचा नाही, हे सगळं त्यात येईल. आमच्यातल्या काही जणी तरडगावच्या पुढे यायला तयार आहेत. त्यांना जायला-यायला गाडी आणि रात्री झोपायला एक कडी लागणारी खोली, एवढं तुम्ही बघा. चार लाकडी बाकडी, पडद्याचं कापड, साबण, पाण्याचं पिंप आणि साखर तपासायचं यंत्र घेऊन एक परिचारिका, ही मांडवाची यादी. टॉवेल आणि तेल आम्ही आणू.

आपली,
पुण्यातली एक मालिश करणारी